हॅलोआजीचा लाल ठिपका

हॅलोआजीनं आयुष्यभर माणसं कानांनी ओळखली. टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डासमोर बसून तिनं अर्ध्या शहराची लग्नं जुळताना ऐकली आणि उरलेल्या अर्ध्याची भांडणं. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता म्हणे. पण तो कानांना कोण समजावणार? समोर लाकडी बोर्ड, त्यावर लुकलुकणारे बारीक दिवे, हातात दोऱ्या, डोक्यावर हेडफोन. डोळे दिव्यांवर, कान माणसांवर. कोणी नुसतं खाकरलं तरी ही ओळखायची, 'हे वखारवाले, यांना बँक हवी असणार,' आणि बँक जोडून मोकळी व्हायची.

नवरासुद्धा तिनं आवाजावरूनच पसंत केला. दिवसाआड चुकीचा नंबर मागणारा एक गृहस्थ होता. आवाज असा, की विहिरीत घागर बुडतेय. प्रत्यक्ष भेटल्यावर तो तिच्यापेक्षा चार बोटं बुटका निघाला; पण तोवर सगळी बोलणी ट्रंक कॉलवर उरकली होती. संसार मात्र झकास झाला. एकच तक्रार तो शेवटपर्यंत करायचा, 'अगं, बोलताना जरा माझ्याकडे बघ की!' ती मटार सोलता सोलता म्हणायची, 'ऐकतेय ना मी? मग बघायचं कशाला?'

अशा बाईला नात कशी मिळावी? भिंगरी. जन्मापासून ऐकू न येणारी, सात वर्षांची, घरभर गरागरा फिरणारी, आणि बोलायला लागली की हातांना उसंत न देणारी. आजी लाखात एक आवाज ओळखणारी आणि नातीला आवाज म्हणजे काय तेच ठाऊक नाही. वर बसलेल्याला थट्टा करायची लहर आली असणार.

भिंगरीची आई, म्हणजे आजीची एकुलती एक लेक, लिफ्ट दुरुस्त करणारी. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस, आणि बोलणं पान्यानं आवळल्यासारखं. जावई मालवाहू जहाजावर. वर्षातले बरेच महिने त्याचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर, तोही हलणारा. भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून दोघं नवरा-बायको खुणांची भाषा शिकले होते. आजी तेव्हा वेगळ्या गावात राहत होती. नवरा गेल्यावर लेकीच्या घरी आली, आणि आल्या दिवशीच तिनं जाहीर केलं, 'ही भाषा मी शिकणार. एवढी मोठी एक्सचेंज चालवली, दहा बोटं काय चीज आहे!'

आणि शिकली हो! भिंगरीच्या शाळेत पालकांसाठी संध्याकाळचा वर्ग चालायचा, तिथे आजी सगळ्यात पुढच्या बाकावर. दूध, पाऊस, पेन्सिल, ताप, उद्या, परवा, शहाणपणा, आगाऊपणा... खुणांचा नुसता ढीग जमवला तिनं. हात तर इतके देखणे फिरायचे, की वर्गातल्या शिक्षिकेनं दोनदा तिला उभं करून इतरांना दाखवलं. घरी येऊन आजी भिंगरीला सगळं करून दाखवायची. भिंगरी टाळ्या वाजवायची. म्हणजे हात वर करून हवेत फडफडवायची, कारण ऐकू न येणाऱ्यांची टाळी दिसावी लागते.

गाडी इथपर्यंत मजेत आली आणि अडली. आजीला बोलता यायचं. कळायचं मात्र काही नाही. भिंगरी सुरू झाली की आजी दोन्ही डोळे तिच्या हातांवर रोवून बसायची. कुठला हात कुठे गेला, बोट कुठलं वळलं, ते पकडेपर्यंत पुढच्या चार खुणा निघून गेलेल्या. मग आजी आपली मान डोलवायची. डोलवता डोलवता बटाटे सोलायला घ्यायची. भिंगरी जवळ येऊन आजीची हनुवटी दोन्ही हातांत धरायची आणि तोंड वर करायची. आजीला वाटायचं, लाडात आली पोर. ती तिची पापी घ्यायची आणि पुन्हा बटाट्यांकडे वळायची. भिंगरी पाय आपटून आईकडे निघून जायची.

अशात एके दिवशी लेक कामावरून आली ती पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, 'आई, कंपनी मला ट्रेनिंगला पाठवतेय. नव्या प्रकारच्या लिफ्ट आल्यात, त्या शिकायला. दुसऱ्या शहरात, चांगले पाच-सहा महिने. परत आले की सुपरवायझर.'

'मग जा की! विचारतेस काय? सुपरवायझर म्हणजे दोऱ्यांवर लोंबकळायचं तरी थांबेल.'

'आणि भिंगरी?'

'मी आहे ना.'

लेक खुर्चीत बसली. तिनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. 'आई, तू आहेस गं. पण तिला रात्री पोटात दुखलं आणि तिनं तुला सांगितलं, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं. तर तुला कळेल?'

'पोट मला येतं.' आजीनं पोटाची खूण केली. सुरेख केली.

'तुला येतं. तिचं कळतं का?'

आजीनं पोटावरचा हात काढून घेतला.

'तिला तिकडे न्यावं, तर तिकडे खुणांची शाळा नाही,' लेक म्हणाली. 'हिची इथली शाळा मी तोडणार नाही. तेव्हा असं करू. महिनाअखेर मला कंपनीला कळवायचंय. त्याआधी एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात दार लावून बसेन. भिंगरी तुला शाळेत काय काय झालं ते सांगेल, मग तू मला सांग. जमलं तर जाते. नाही तर नाही म्हणून कळवते, आणि त्याचं तू वाईट वाटून घ्यायचं नाहीस.'

वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणे! आजीला त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. नात तिच्याकडे राहिली तर ती आजी. नाही तर घरातली मटार सोलणारी एक म्हातारी. लेकीला तिनं विचारलं, 'तू कशी गं समजतेस तिचं? कुठे बघतेस?' लेक म्हणाली, 'मला काय माहीत? होतं आपोआप.' सायकल येणाऱ्यांना विचारलं की तेही असंच सांगतात.

वर्गातल्या शिक्षिकेनं त्याच आठवड्यात सांगितलं, की विद्यापीठातल्या भाषाशास्त्र विभागाला मोठेपणी खुणांची भाषा शिकणारी माणसं हवी आहेत. कसला तरी अभ्यास आहे. शिकणाऱ्याचा मेंदू ही भाषा कशी पकडतो, त्याचा. आजीचा हात सगळ्यांच्या आधी वर. तिचा हिशेब सरळ होता: एवढे शिकलेसवरलेले लोक यावरच बसलेत, तर त्यांच्याकडे एखादी आडवाट असणारच. शिवाय त्यांना जन्मापासून ही भाषा बोलणारी मुलंही हवी होती. म्हणजे भिंगरीही चालली.

विभाग एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट बंद. 'तुझ्या आईला सांगायला हवं,' आजी भिंगरीला खुणांनी म्हणाली. पण म्हणताना पायऱ्यांकडे बघत असल्यामुळे भिंगरीनं काय उत्तर दिलं ते तिला दिसलंच नाही.

वर प्राध्यापकबाई भेटल्या. हसऱ्या, केसांत पेन्सिल खोचलेली आणि तीच पेन्सिल टेबलावर शोधणाऱ्या. त्यांच्याबरोबर एक उंच तरुण संशोधक. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यानं स्वतःची ओळख करून दिली: तर्जनी गालात रुतवून फिरवली. बाईंनी सांगितलं, 'हे त्याचं खुणेतलं नाव. खळी. हसला की कळेल.' तो हसला. कळलं.

भिंगरीनं लगेच आजीचंही नाव सांगून टाकलं: मूठ कानाशी, अंगठा-करंगळी ताणलेली. टेलिफोन. खळी खो खो हसला, आणि आजीला आपण आल्या आल्या इथे कुणीतरी आहोत असं वाटलं.

मग प्रयोग. चष्म्याच्या दुकानात असते तशी हनुवटी टेकवायची पट्टी, समोर पडदा, पडद्याखाली एक बारका कॅमेरा. बाई म्हणाल्या, 'आजी, पडद्यावर एकजण गोष्ट सांगेल. तुम्ही नुसतं बघायचं. तुमची नजर कुठे जाते ते हा कॅमेरा टिपतो.'

'आणि मग मला सांगणार ना, कुठे चुकतं ते?'

'सांगू की! पण शेवटच्या फेरीनंतर. आधी सांगितलं तर तुम्ही मुद्दाम तसं बघायला लागाल, मग आमच्या अभ्यासाला काय अर्थ?'

'शेवटची फेरी कधी?'

बाईंनी सांगितलेली तारीख महिनाअखेरीच्या बरीच पलीकडची होती. आजीचा चेहरा पडला. पण आता आलोच आहोत तर, म्हणून तिनं हनुवटी टेकवली आणि पडद्यावरच्या माणसाच्या हातांचा असा पाठलाग केला, की उठली तेव्हा डोळ्यांतून पाणी.

मग भिंगरीची पाळी. आजीला बाहेरच्या बाकावर चहा देऊन बसवलं. आता एक्सचेंजमधल्या बाईला बाहेर बसवणं म्हणजे काय! पाचव्या मिनिटाला आजी कप हातात घेऊन उठली. शेजारच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत खळी पाठमोरा बसला होता, त्याच्यासमोर एक मोठा पडदा. पडद्यावर तोच गोष्टवाला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक लाल ठिपका, म्हणजे भिंगरीची नजर. ठिपका त्याच्या डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला बसला होता. हात खाली धुमाकूळ घालत होते, डावा उजवीकडे, उजवा डोक्यावर, बोटांची नुसती कारंजी. आणि ठिपका आपला शांत, पोट भरलेल्या मांजरासारखा.

आजी मागे वळून ओरडली, 'अहो बाई! बाई! तुमचं मशीन बंद पडलंय! माझ्या नातीचा ठिपका हलतच नाहीये!'

प्राध्यापकबाई धावत आल्या. आजीच्या हातातला कप, उघडं दार, पलीकडचा पडदा, असं सगळं बघून त्या दाराला टेकल्या. 'आजी, तुम्ही बघितलंत?'

'बघितलं म्हणजे काय! चिकटून बसलाय तो.'

'मशीन नीट आहे,' बाई म्हणाल्या. 'भिंगरी तिथेच बघतेय.'

'तोंडाकडे? आणि हात?'

'हात तिला न बघता दिसतात. डोळ्यांच्या कडेनं. ही भाषा लहानपणापासून बोलणारे सगळे असेच बघतात, सरळ चेहऱ्याकडे.' एवढं बोलून बाईंनी कपाळावर हात मारला. 'झालं! मीच सांगून बसले. आजी, तुम्ही आता अभ्यासातून बाद. तुमची नोंद घेता येणार नाही मला.'

'बाद?' आजीचे डोळे चमकले. 'म्हणजे आता तुम्ही मला सगळं सांगू शकता?'

बाईंनी कपाळावरचा हात काढला. मग हसत सुटल्या. खळीला काय झालं ते त्यांनी खुणांनी सांगितलं, तर त्याच्या दोन्ही गालांत विहिरी पडल्या. त्यानं खुर्ची ओढली, आजीला बसवलं आणि पडद्यावर आजीची स्वतःची फेरी लावली.

काय तो ठिपका! गुळाच्या ढेपेवरची माशी बरी. डाव्या हातावर, उजव्या हातावर, कोपरावर, पुन्हा डाव्या हातावर. मध्येच हात थांबले तेव्हा तो शर्टाच्या गुंडीवर जाऊन बसला. चेहऱ्यावर एकदाही नाही. म्हणजे एकदा गेला होता, तेव्हा गोष्टवाल्यानं नाक खाजवलं होतं.

'नवीन शिकणारे बहुतेक ओठांच्या आसपास घुटमळतात,' बाई म्हणाल्या. 'ओठ वाचता येतील असं वाटतं त्यांना. पण तुमच्यासारखं हातांच्या मागे सैरावैरा पळणारं, आजी, मी अजून पाहिलं नव्हतं.'

'बोर्डाची सवय हो! दिवा पेटला की तिकडे बघायचं. हात हेच बोलतात ना, म्हणून मी हातांकडे...' आजी थांबली. मग एकदम उभी राहिली. 'म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या ठिकाणी ऐकत होते!'

बाई एव्हाना आनंदानं सुटल्या होत्या. अभ्यासातला एक माणूस गमावल्याचं दुःख त्यांना फार वेळ टिकवता आलं नाही. त्या हातवारे करून सांगू लागल्या: 'गंमत बघा. बोटांच्या बारीकसारीक खुणा चेहऱ्याजवळच होतात, जिथे नजर असते तिथे. खाली पोटाशी होतात त्या मोठ्या, ढोबळ. भाषेनं स्वतःलाच तसं घडवलंय, बघणाऱ्याची सोय बघून. कोणी ठरवलं नाही, कुठल्या समितीनं ठराव केला नाही! आणि भुवया? गाल? मान? निम्मी भाषा तिथे आहे. तुम्ही आतापर्यंत निम्मीच पानं असलेलं पुस्तक वाचत होतात.'

आजीला त्या क्षणी तिथेच भिंगरीला धरून बसावंसं वाटत होतं. पण खळीनं बोट वर केलं: थांब. कळणं निराळं आणि डोळ्यांना वळण लागणं निराळं. तो तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. स्वतःच्या गालावर बोट ठेवलं: इथे बघ. आणि गोष्ट सांगायला लागला. एक माणूस होता. रानातून जात होता. मागे काहीतरी वाजलं... नाही, वाजलं कसलं, खळीच्या गोष्टीत काही वाजत नसतं. मागे जमीन थरथरली. आजीची नजर सटकन खाली, हाताकडे. खळीचे हात जागच्या जागी थिजले. पुतळा. आजीनं नजर वर आणली, हात सुरू. माणूस वळला. समोर दोन डोळे. आजीची नजर खाली, पुतळा. वर, सुरू.

'अरे, पुढे काय झालं?' आजी आवाजानंच ओरडली. खळीनं शांतपणे गालावर बोट ठेवलं.

त्या दुपारी रानातल्या माणसाचं काय झालं ते कळायला आजीला इतका वेळ लागला, की भिंगरी खुर्चीत झोपून गेली. पण कळलं! ते दोन डोळे त्याच्याच हरवलेल्या म्हशीचे होते. आजीनं हात वर करून फडफडवले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना तिला पायऱ्या लागल्याच नाहीत.

पुढचे दिवस त्या वस्तीतल्या लोकांना जड गेले. आजीनं ठरवलं, डोळ्यांना वळण लावायचं तर दिवसभर लावायचं. भिंगरी शाळेत असली म्हणून काय झालं? औषधाच्या दुकानात ती गोळ्यांकडे न बघता दुकानदाराच्या नाकाच्या बाजूला टक लावून उभी राहिली. त्यानं आधी तोंड पुसलं, मग आरशात बघून आला, शेवटी म्हणाला, 'काकू, काय झालंय माझ्या तोंडाला? सांगून टाका, मी घाबरणार नाही.' भाजीवालीनं तिच्या नजरेला भिऊन वजनाला दोन टोमॅटो जास्त टाकले. बँकेतल्या कारकुनानं तर स्वतःहून कबूल केलं, की मागच्या वेळी तिला उगाच थांबवलं होतं.

एक्सचेंजमधली जुनी मैत्रीण भेटायला आली. दोघी खुर्चीला खुर्ची लावून बोर्डासमोर बसायच्या, केस पांढरे होईपर्यंत. आजीनं तिच्या चेहऱ्यावर नजर रोवली आणि म्हणाली, 'अगं, तुझ्या गालावर तीळ आहे!'

'जन्मापासून आहे, भवाने.'

'मला कसा नाही दिसला?'

'तू कधी बघितलंस? तू माझा आवाज ऐकून मला सर्दी झालीय का तेवढं सांगायचीस,' मैत्रीण म्हणाली. 'आणि आता अशी काय बघतेस? नवरा बघायला आल्यासारखी!'

खरी मजा संध्याकाळची. भिंगरी शाळेतून आली की आजी बटाटे, मटार, सुई-दोरा सगळं बाजूला सारून तिच्यासमोर मांडी घालून बसायची. पहिल्या दिवशी तिनं नातीच्या डोळ्यांखाली नजर टेकवली आणि हबकलीच. केवढं काय काय चाललं होतं तिथे! भुवया चढत होत्या, उतरत होत्या, गाल फुगत होते, ओठ मुडपले जात होते, मान एवढीशी हलून नाही म्हणत होती. एखाद्या घरात वर्षभर राहावं आणि एक दिवस कळावं, की त्याला वरचा मजलाही आहे! भुवया वर गेल्या की भिंगरी काहीतरी विचारत असते, हे वर्गात शिकवलं होतं. आजीनं पाठही केलं होतं. पण भुवया बघितल्याच नव्हत्या, तर पाठ करून काय उपयोग? म्हणजे ही पोर रोज संध्याकाळी विचारत होती, 'आजी, खेळतेस?' आणि आजी मान डोलवून बटाटे सोलत होती. रोज हो म्हणत होती आणि रोज खेळत नव्हती.

आजीनं त्या दिवशी विचारलं, भुवया पार केसांपर्यंत चढवून, 'खेळायचं?'

भिंगरी क्षणभर बघत राहिली. मग तिनं आजीची हनुवटी धरायला हात पुढे केले, आणि हनुवटी आधीच वर आहे हे बघून ते तसेच हवेत फडफडवले.

सगळं लगेच जमलं असं मात्र नाही. भिंगरी दमादमानं सांगायची तेव्हा ठीक, पण रंगात आली की आजीची नजर पुन्हा हातांवर घसरायची. खळीची युक्ती आजीनं भिंगरीलाही सांगून ठेवली होती, आणि भिंगरीला त्यात अतोनात आनंद मिळायचा. आजीचे डोळे खाली गेले रे गेले, की भिंगरी पुतळा. कधी एका पायावर पुतळा, कधी जीभ बाहेर काढून पुतळा. लेक दारातून हे बघायची आणि काही न बोलता आत जायची. परीक्षक होती ना ती!

आणि महिनाअखेर आली. लेक म्हणाली, 'आज.' आजीनं मटार बाजूला ठेवले आणि पदराला हात पुसले. आयुष्यात पहिल्यांदा बोर्डावर बसली तेव्हाही इतके नीट पुसले नव्हते. लेक स्वयंपाकघरात गेली, दार लावलं. भिंगरीला काय ते सांगून ठेवलंच होतं. ती समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि सुरू झाली.

शाळेत एक कासव आहे. वर्गाचं. आज सकाळी ते पेटीत नव्हतं. आजीनं नजर नातीच्या डोळ्यांखाली ठेवली आणि तिथेच रोवली. हात खाली कुठेतरी फिरत होते. ती बघत नव्हती, तरी दिसत होते. भिंगरी वर्गातल्या बाई झाली: कमरेवर हात, मान इकडे, मान तिकडे. मग भिंगरी कासव झाली: मान आत, डोळे अर्धवट मिटलेले, एकेक पाय सावकाश. सगळी मुलं बाकांखाली. बाई कपाटावर शोधतायत, कपाटावर! कासव चढणार आहे का कपाटावर? भिंगरीनं तोंड असं केलं, की आजी फिसकन हसली आणि नजर हलता हलता राहिली.

मग सापडलं कुठे? शिपायाच्या बुटात की डब्यात, इथे आजीचं सुटलं. जुनी आजी असती तर मान डोलवली असती. हिनं हात वर केला, भुवया वर केल्या. 'थांब. कशात?'

'बुटात!'

'वास नाही आला त्याला?'

भिंगरी थबकली. आजीनं कधी असं मध्येच काही विचारलं नव्हतं. मग ती इतकी हसली की तिचे हात अडखळले, आणि पुढे दोघींनी मिळून त्या बुटाची, कासवाची आणि शिपायाची जी काही चर्चा केली ती इथे सांगण्यासारखी नाही. बोलता बोलता भिंगरीनं सहज सांगितलं, की सुट्टीत कासव कोणाच्या तरी घरी न्यायचं आहे, आणि तिनं बाईंना सांगून टाकलंय, आमच्या घरी.

आजी सरळ बसली. 'कोणाला विचारून?'

'तुला. मी विचारलं होतं. तू मान डोलवलीस.'

'कधी?'

'तू बटाटे सोलत होतीस तेव्हा.'

'ते मोजायचं नाही! कासव नाही म्हणजे नाही. घाण कोण काढणार?'

'मी.'

'तू स्वतःची अंघोळ करत नाहीस!'

'कासवाला अंघोळ लागत नाही!'

हात आता दोन्हीकडून सपासप चालले होते. आजीच्या खुणा चुकत होत्या, अर्धवट राहत होत्या, एका ठिकाणी तिनं रागाच्या भरात कासवाऐवजी पेन्सिल म्हटलं. पण भिंगरीला सगळं कळत होतं आणि तिला भिंगरीचं. स्वयंपाकघरातल्या लेकीला बराच वेळ काही हाक आली नाही, म्हणून तिनं दार उघडलं.

'आई? झालं का? काय सांगितलं तिनं?'

'थांब गं!' आजी मान न वळवता म्हणाली. 'मध्ये बोलू नकोस. ही काय म्हणते ते बघू दे आधी.'

लेक भिंतीला टेकून उभी राहिली. तिला विचारायचं होतं ते सगळं समोर चाललं होतं. भिंगरी सांगत होती, की कासव पलंगाखाली राहील. आजी सांगत होती, पलंगाखाली तिचे बूट असतात आणि बुटांचं काय होतं ते आत्ताच ऐकलंय. 'ऐकलंय'ची खूण तिनं कानाशी न करता डोळ्यांशी केली. ती बरोबर की चूक, हे भाषाशास्त्र विभागालाच विचारावं लागेल. भिंगरीनं मात्र ती चालवून घेतली. लेकीनं खिशातून मोबाइल काढला, कंपनीला दोन ओळी लिहिल्या: येते. आणि पाठवून दिल्या.

'आई, मी जातेय ट्रेनिंगला,' ती मोठ्यानं म्हणाली.

'जा, जा. पण आधी हिला सांग, कासव नाही!'

'तूच सांग. तुला येतं की आता.'

आजीनं बाह्या सरसावल्या, भुवया आवळल्या आणि दोन्ही हात उचलले. शेवटचं, निर्वाणीचं काहीतरी ती सांगणार होती. भिंगरीनं तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि घट्ट डोळे मिटले.

आजीचे हात हवेतच राहिले. आता कोणाला सांगायचं? तिनं खांद्याला हात लावला, पोर ढिम्म. गुदगुल्या केल्या, ओठ हलले, पापण्या नाही. 'अगं, हे काय!' आजी लेकीकडे वळून म्हणाली, 'हिनं तर फोनच ठेवून दिला!'

भिंतीशी लेक हसून हसून खाली बसली होती. भिंगरीनं एक डोळा किलकिला करून बघितलं, आजी अजून कासवाबद्दल बोलतेय का, आणि बोलतेय असं दिसताच पुन्हा मिटून घेतला.